सहा शर्यती आणि त्रेचाळीस शर्यती

मंडळी, आज निवडणूक, आरक्षण, खड्डे यातलं काहीच नाही. आज घोड्यांबद्दल लिहितोय. पण शेवटपर्यंत वाचलंत तर लक्षात येईल, विषय तसा आपल्या नेहमीच्या विषयांपासून फार लांबचा नाही. पैसा कुणाचा, मैदान कुणाचं आणि खेळ नेमका कुणासाठी, हे प्रश्न इथेही तेच आहेत. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आधीच सांगतो, मी पैसे लावत नाही. शर्यत बघतो. हल्ली फोनवर जगातली कुठलीही मोठी शर्यत दोन मिनिटांत बघायला मिळते. अडथळे नसलेली, सपाट मैदानावरची शर्यत. बहुतेक शर्यती अडीच मिनिटांच्या आत संपतात. त्यात जे दिसतं ते दुसऱ्या कुठल्या खेळात मला दिसलेलं नाही.

तर ५ नोव्हेंबर २०२२. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं कीनलँड रेसकोर्स. ब्रीडर्स कप क्लासिक ही तिथली वर्षातली सर्वांत मोठी शर्यत. फ्लाइटलाइन नावाचा चार वर्षांचा घोडा. लाइफ इज गुड हा घोडा सुटल्या सुटल्या पुढे निघाला, फ्लाइटलाइन त्याच्या मागे राहिला, वळणापर्यंत त्याला डोळ्यांआड होऊ दिलं नाही, आणि मग सरळ पट्टीवर आल्यावर सुटलाच. सव्वाआठ लांबीने जिंकला. (लांबी म्हणजे घोड्याच्या अंगाची, नाकापासून शेपटापर्यंतची. शर्यतीत अंतर त्यातच मोजतात.) त्याआधी सप्टेंबरमध्ये डेल मार इथे पॅसिफिक क्लासिक ही शर्यत तो सव्वाएकोणीस लांबीने जिंकला होता. सव्वाएकोणीस! कॅमेऱ्याच्या चौकटीत दुसरा घोडा मावत नव्हता. आयुष्यात सहा शर्यती धावला, सहाही जिंकला, सगळ्या मिळून ७१ लांबींनी.

आणि दुसऱ्या दिवशी जाहीर झालं की घोडा निवृत्त.

दुखापत नव्हती. वय चार. म्हणजे घोड्याच्या हिशेबाने जेमतेम तरणा. लगेच त्याच्या मालकीतल्या अडीच टक्के हिश्शाचा लिलाव झाला. ४६ लाख डॉलरला गेला. अडीच टक्क्यांचे एवढे, तर अख्ख्या घोड्याची किंमत किती होते ते करा गुणाकार. १८ कोटी ४० लाख डॉलर. पुढच्या हंगामात त्याच्याकडून एक घोडी फळवून घ्यायची फी ठरली दोन लाख डॉलर.

आता साधा हिशेब मांडतो. थरोब्रेड जातीत कृत्रिम रेतन चालत नाही, घोडा आणि घोडी प्रत्यक्ष एकत्र आणावी लागतात. तरीही नावाजलेल्या घोड्याकडे एका हंगामात शंभर-दीडशे घोड्या येतात. समजा दीडशे आल्या. तीन कोटी डॉलर. आणि ज्या शर्यतीत त्याने जगाला तोंडात बोट घालायला लावलं, त्या शर्यतीची पहिल्या नंबरापासून शेवटपर्यंतची मिळून बक्षीस रक्कम होती ६० लाख डॉलर. मालकाच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर काय केलं असतं? मीही तेच केलं असतं कदाचित. म्हणून मालकाला शिव्या घालायला ही पोस्ट नाही. शिव्या घालायच्याच तर त्या व्यवस्थेला, जिच्यात घोडा धावण्यापेक्षा न धावण्यात जास्त कमावतो.

त्या वर्षाच्या जागतिक क्रमवारीत फ्लाइटलाइनला १४० गुण मिळाले. फ्रँकेलएवढेच. आणि इथेच माझं डोकं फिरलं. कारण फ्रँकेलची गोष्ट वेगळी आहे.

फ्रँकेल इंग्लंडमधला. सौदी राजपुत्र खालिद अब्दुल्ला यांचा घोडा, न्यूमार्केटचे सर हेन्री सेसिल हे ट्रेनर, टॉम क्वीली जॉकी. १४ शर्यती, १४ विजय, जॉकी प्रत्येक वेळी तोच. ३० एप्रिल २०११ ची टू थाउजंड गिनीज ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी शोधून पाहा. एक मैलाची शर्यत. एवढ्या अंतरात जॉकी घोड्याला आधी आवरून धरतो, दम राखतो आणि शेवटच्या दोन फर्लांगात सोडतो. इथे दार उघडल्याबरोबर फ्रँकेल जो निघाला तो निघालाच. अर्ध्या वाटेत बाकीचे घोडे इतके मागे, की दोन वेगळ्या शर्यती चालल्यात असं वाटावं. शेवटी सहा लांबीने जिंकला. तेव्हा तो तीन वर्षांचा.

त्या वर्षाअखेर त्याला निवृत्त केलं असतं तर कुणी एक शब्द बोललं नसतं. अपराजित होता. फी हवी तेवढी मिळाली असती. पण मालकाने त्याला चौथ्या वर्षीही ठेवलं. आणि मंडळी, माझा सगळा मुद्दा या एका वाक्यात आहे. कारण फ्रँकेलबद्दल आज आपण जे काही बोलतो, त्यातलं अर्धं त्या चौथ्या वर्षातलं आहे.

जून २०१२ मध्ये अ‍ॅस्कटला क्वीन अ‍ॅन स्टेक्स, अकरा लांबीने. ऑगस्टमध्ये यॉर्कला जडमाँट इंटरनॅशनल. तोपर्यंत फ्रँकेल एक मैलापलीकडे कधी धावलाच नव्हता. टीकाकार म्हणत होते, हा मैलाचा घोडा, सव्वा मैलावर याचा दम निघेल. त्या दिवशी मैदानात सेसिल होते, कर्करोगाने खंगलेले, आवाज गेलेला. घोडा मागे मागे धावला, सरळ पट्टीवर बाहेरच्या बाजूने आला आणि जॉकीने फारसं काही न करता सात लांबीने जिंकला. शंका होती, प्रश्न होता, आणि घोड्याने मैदानावर येऊन उत्तर दिलं. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये अ‍ॅस्कटला चॅम्पियन स्टेक्स. जमीन ओली, चिखलाची, त्याला न मानवणारी. सुरुवातीलाच तो उशिरा सुटला. तरी पावणेदोन लांबीने जिंकला. ती त्याची सर्वांत लहान फरकाच्या विजयांपैकी एक, आणि मला विचाराल तर सर्वांत मोठ्या शर्यतींपैकी एक. सेसिल पुढच्या जूनमध्ये गेले.

आता फ्लाइटलाइनला विचारायचे प्रश्न आठवा. चिखलात धावला असता का? उशिरा सुटला असता तर काय झालं असतं? पाचव्या वर्षी, नव्या तरुण घोड्यांसमोर टिकला असता? उत्तरं नाहीत, कारण प्रश्न विचारायची संधीच कुणी दिली नाही. आणि तरी आकडा तोच, १४०. गुणपत्रिकेत सहा विषयांत पैकीच्या पैकी मिळवलेला आणि चौदा विषयांत पैकीच्या पैकी मिळवलेला, दोघांची टक्केवारी सारखीच येते हो. पण शाळेतल्या बाईंना विचारा, दोघं सारखे का म्हणून.

आता जरा आठवून पाहा, गेल्या दहा-पंधरा वर्षांत ज्यांनी आपल्याला पुन्हा पुन्हा मैदानाकडे खेचलं ते घोडे कोण? मी यादी करायला बसलो आणि एक गंमत लक्षात आली. बहुतेक एक तर घोड्या आहेत, नाही तर खच्ची केलेले घोडे.

ब्लॅक कॅविअर घ्या. ऑस्ट्रेलियाची. २५ शर्यती, २५ विजय. कमी अंतराची राणी. २३ जून २०१२ ला ती एवढा समुद्र ओलांडून अ‍ॅस्कटला धावायला आली. १२०० मीटर. जिंकत आली, आणि शेवटच्या काही पावलांवर जॉकी ल्यूक नोलनने हात सैल सोडले. झालं जिंकून, असं समजून. मागून फ्रान्सची मूनलाइट क्लाउड आली. विनिंग पोस्टवर दोघी जवळजवळ एकत्र. फोटो काढून निकाल लागला. ब्लॅक कॅविअर डोक्याएवढ्या फरकाने वाचली. नंतर तपासणीत कळलं की तिच्या स्नायूंना इजा झाली होती. म्हणजे आयुष्यातल्या सर्वांत वाईट दिवशी, परक्या देशात, जॉकीच्या चुकीसकट ती जिंकली. मोठ्या फरकाचे तिचे विजय डझनभर आहेत. लोकांच्या लक्षात राहिला तो हा, डोक्याएवढा. पुढच्या वर्षी परत येऊन तिने आणखी तीन शर्यती जिंकल्या आणि मग थांबली.

विंक्स घ्या. तीही ऑस्ट्रेलियाची. लिलावात दोन लाख तीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरला घेतलेली, म्हणजे त्या धंद्यात फार नाही. ट्रेनर ख्रिस वॉलर, जॉकी ह्यू बोमन. ४३ शर्यती, ३७ विजय. त्यातले शेवटचे ३३ सलग. २०१५ पासून २०१८ पर्यंत सलग चार वर्षं कॉक्स प्लेट, जी आधी कुणालाच चारदा जमली नव्हती. २०१६ ची कॉक्स प्लेट आठ लांबीने जिंकली.

पण मला तिची ऑगस्ट २०१७ मधली वॉरविक स्टेक्स आठवते. दार उघडलं आणि बाई तिथेच! बाकीचे घोडे पुढे गेले. कमी अंतराच्या शर्यतीत असं झालं तर संपलंच समजायचं. बोमनने घाई केली नाही. एकेक करत तिने सगळ्यांना गाठलं आणि अगदी शेवटच्या क्षणी स्वतःच्याच तबेल्यातल्या फॉक्सप्लेला थोडक्यात मागे टाकलं. समालोचकाचा आवाज ऐका त्या शर्यतीतला. शेवटची शर्यत १३ एप्रिल २०१९ ला रँडविकला. साडेसात वर्षांची होती. लोक आपल्या लहान मुलांना खांद्यावर घेऊन तिला बघायला आले होते. लहानपणी विंक्स पाहिली म्हणून सांगणारी एक अख्खी पिढी तिथे आहे. सहा शर्यतींत पिढी तयार होत नाही.

आणि एनेबल. फ्रँकेलच्याच मालकाची. ट्रेनर जॉन गॉस्डन, जॉकी फ्रँकी देत्तोरी. २०१७ मध्ये फ्रान्सची आर्क द ट्रायम्फ जिंकली. २०१८ मध्ये दुखापतीमुळे जवळपास सगळं वर्ष गेलं. सप्टेंबरमध्ये एक शर्यत धावली आणि थेट आर्कला. शेवटी सी ऑफ क्लास वेगाने येत होती, आणखी पन्नास मीटर असते तर निकाल बदलला असता. एनेबल मानेपेक्षाही कमी फरकाने टिकली. महिन्याभरात अमेरिकेत जाऊन ब्रीडर्स कप टर्फही जिंकली. एकाच वर्षी हे दोन्ही आधी कुणी केलेलं नव्हतं. मालकाने तिला पाचव्या वर्षी ठेवलं, सहाव्या वर्षीही ठेवलं. तिसरी आर्क मिळवायची होती.

ती मिळाली नाही. २०१९ मध्ये ओल्या जमिनीवर एनेबल पुढे होती, वाटलं झालंच, आणि शेवटच्या टप्प्यात वाल्डगाइस्ट तिला ओलांडून गेला. २०२० मध्ये तर ती सहावी आली. पण त्याच दोन वर्षांत तिने किंग जॉर्ज ही शर्यत दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा जिंकली, तिन्ही वेळा जिंकणारी ती पहिलीच. २०१९ च्या किंग जॉर्जमधली क्रिस्टल ओशनबरोबरची झुंज, सरळ पट्टीभर दोघं खांद्याला खांदा लावून, मानेएवढा फरक. मी कितीदा पाहिली असेल सांगता येत नाही.

म्हणजे बघा, एनेबलच्या नावापुढे अपराजित हा शब्द नाही. तिला लोकांसमोर हरायला लागलं. आणि म्हणूनच ती आपली वाटते.

आता घोड्याच का जास्त वर्षं धावतात? त्यामागे कुणाचा मोठेपणा आहे असं समजू नका. साधं गणित आहे. घोडा वर्षाला शंभराहून जास्त शिंगरांचा बाप होऊ शकतो, घोडी वर्षाला एकाच शिंगराची आई होते. त्यामुळे घोडीला तबेल्यात परत न्यायची घाई कमी. आणि खच्ची घोड्याला तर घाई नाहीच, त्याला धावण्यावाचून दुसरा धंदा नाही.

हाँगकाँगचा रोमँटिक वॉरियर हा तसाच खच्ची घोडा. हाँगकाँगमध्ये घोड्यांची पैदास होत नाही, बाहेरून आणतात, बहुतेक सगळे खच्ची. म्हणून तिथला घोडा लोकांना वर्षानुवर्षं दिसतो, क्रिकेटपटूसारखा ओळखीचा होतो. रोमँटिक वॉरियरने २०२२, २०२३ आणि २०२४ असा सलग तीन वर्षं हाँगकाँग कप जिंकला. मधल्या काळात ऑस्ट्रेलियात जाऊन कॉक्स प्लेट, जपानमध्ये जाऊन यासुदा किनेन. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये, सात वर्षांचा असताना, सौदी कपमध्ये उतरला. आयुष्यभर गवतावर धावलेला घोडा, पहिल्यांदा मातीवर. वळणावर त्याने सगळ्यांना मागे टाकलं. जिंकला असं वाटलं. आणि जपानचा फॉरएव्हर यंग, जो मागे पडला होता, तो परत आला आणि मानेएवढ्या फरकाने जिंकला. दोन्ही घोड्यांसाठी टाळ्या वाजाव्यात अशी शर्यत. ती झाली कारण एकाला निवृत्त करून कुणाला काही मिळणार नव्हतं, आणि दुसऱ्याच्या मालकाला घोडा जगभर धावायला हवा होता. तोच फॉरएव्हर यंग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत ब्रीडर्स कप क्लासिक जिंकला, असं करणारा पहिला जपानी घोडा.

फ्रँकेलच्या शेवटच्या शर्यतीत दुसरा आलेला घोडा आठवतो का? सिरस देझेग्ल, फ्रान्सचा. तोही खच्ची. फ्रँकेल गेला स्टडवर, हा पुढेही धावतच राहिला, साठहून जास्त शर्यती झाल्या त्याच्या.

आणि इथे एक विनोद आहे. आर्क, म्हणजे युरोपातली सर्वांत मानाची शर्यत, तिथे खच्ची घोड्यांना प्रवेशच नाही. कारण काय, तर ती शर्यत उत्तम वंश निवडण्यासाठी आहे. २०२५ मध्ये कॅलंडगन नावाच्या खच्ची घोड्याने किंग जॉर्ज जिंकली, चॅम्पियन स्टेक्स जिंकली, पण फ्रान्समध्येच तयार झालेला हा घोडा फ्रान्सच्या सर्वांत मोठ्या शर्यतीत उतरू शकला नाही. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांनी स्वतःच कबूल केलंय की शर्यत ही तुमच्या-आमच्यासाठी नाही, ती पैदाशीची जाहिरात आहे.

आता दुसरी बाजू. मी एकतर्फी लिहिलं तर तुम्हीच कमेंटमध्ये पकडाल.

पहिला मुद्दा धोक्याचा. २००६ मध्ये केंटकी डर्बी जिंकलेला बार्बारो दोन आठवड्यांनी प्रीकनेसमध्ये धावताना मागचा पाय मोडून बसला. त्याला वाचवायला आठ महिने झटले, शेवटी जानेवारी २००७ मध्ये त्याला शांत करावं लागलं. ज्याच्या घोड्याची किंमत शेकडो कोटी रुपये आहे त्याने हे चित्र डोळ्यांसमोर आणून घोडा थांबवला, तर त्याला भित्रा म्हणायचा मला अधिकार नाही. घोड्याच्याही बाजूने पाहिलं तर कुरणात आयुष्य काढणं वाईट नाही.

पण मग एक प्रश्न उरतो. घोड्याची हाडं पूर्ण पक्की व्हायला साधारण पाच वर्षं लागतात. आपण त्याला दुसऱ्या वर्षी पळवतो, तिसऱ्या वर्षी सर्वांत मोठ्या शर्यतींना उभा करतो, आणि अंगाने खरा तयार होण्याच्या सुमारास घरी पाठवतो. काळजी घोड्याची असती तर क्रम उलटा असायला हवा होता.

दुसरा मुद्दा, स्टडवर गेलेला घोडाही खेळाला काही देतो. खरं आहे. फ्रँकेलचा मुलगा अदायर २०२१ ची एप्सम डर्बी जिंकला. फ्रँकेलची मुलगी अल्पिनिस्टा २०२२ ची आर्क जिंकली. मान्य. पण अल्पिनिस्टा आर्क जिंकली तेव्हा किती वर्षांची होती माहितीय? पाच. घोडी होती म्हणून थांबली तोवर. नर असती तर ती आर्क झालीच नसती असं मला वाटतं.

तिसरा मुद्दा जपानचा, आणि तो मला सर्वांत अडचणीचा आहे. एक्विनॉक्स. पहिल्याच मोठ्या दोन शर्यतींत, जपानी गिनीज आणि डर्बी, दोन्हीत दुसरा आला. तिथून पुढे हरला नाही. मार्च २०२३ मध्ये दुबईत शीमा क्लासिक त्याने पहिल्यापासून पुढे राहून सहज जिंकली. ऑक्टोबरमध्ये तोक्योला शरद ऋतूतली तेन्नो शो, २००० मीटर १ मिनिट ५५.२ सेकंदांत, आधीच्या विक्रमापेक्षा जवळजवळ एक सेकंद कमी. नोव्हेंबरमध्ये जपान कप, लिबर्टी आयलंड या तगड्या घोडीपेक्षा चार लांबी पुढे. आणि निवृत्त. वय चार, शर्यती दहा. पहिल्या हंगामाची फी दोन कोटी येन. म्हणजे जपानही त्याच वाटेवर. पण फरक आहे. त्या दहा शर्यतींत त्याने हारही पाहिली, परदेशही पाहिला, लांब-आखूड अंतरंही पाहिली. जपानमध्ये शर्यतींतलं बक्षीस मोठं आहे, म्हणून घोडा धावण्यातही पैसा आहे. ते बक्षीस येतं कुठून? लोकांनी लावलेल्या पैशातून. तिथे शर्यती सरकारी देखरेखीखालची संस्था चालवते आणि उलाढालीतला दहा टक्के वाटा सरळ सरकारी तिजोरीत जातो. हाँगकाँगमध्ये क्लब ना-नफा आहे, शिल्लक रक्कम धर्मादाय कामांना जाते.

आता या मुंबईत.

महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ पासून आहे. इंडियन डर्बी १९४३ मध्ये सुरू झाली आणि पहिलीच डर्बी बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने जिंकली. गायकवाडांची घोडी. दरवर्षी फेब्रुवारीत ती शर्यत होते. आपल्यातले किती जण कधी आत गेलेत? बाहेरच्या रस्त्यावरून हजारदा गेलो असू. बाबुलनाथला जाताना, हाजी अलीच्या सिग्नलला गाडीत बसून बघितलं असेल. आत म्हणजे श्रीमंतांचं, नाही तर जुगाऱ्यांचं, ही समजूत पक्की.

२०२४ मध्ये ठरलं, की तिथली १२० एकर जागा महापालिकेच्या सेंट्रल पार्कसाठी जाणार आणि ९१ एकर भाडेपट्ट्याने क्लबकडे राहणार. त्यावर आपण सगळे भांडलो. कुणी म्हणालं बिल्डरांच्या घशात, कुणी म्हणालं मोकळी जागा वाचली. त्या सगळ्या भांडणात घोडा हा शब्द मी दोनदासुद्धा ऐकला नाही. मोकळ्या जागेची बाजू माझीही आहे. पण जी सव्वाशेहून जास्त वर्षं तिथे चालली ती शर्यत कुणाची आहे, हे विचारायला पाहिजे होतं.

पैशाचंही तसंच. ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यती हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं होतं, कर मात्र कॅसिनोच्या रांगेत बसवून. जुगाराने घरं उद्ध्वस्त होतात, ते मी नाकारत नाही. गल्लीत तशी घरं पाहिलीत. पण ४० टक्क्यांनी जुगार थांबतो असं मला वाटत नाही. तो खिडकीवरून उठून बेकायदा बुकीच्या फोनवर जातो. तिथून सरकारला काही मिळत नाही, आणि बक्षिसातही काही येत नाही. मग सईस, जॉकी, नाल मारणारा, घोड्यांचे डॉक्टर, या सगळ्यांचं पोट ज्या बक्षिसावर चालतं ते आटतं.

आपल्याला शर्यत नवी नाही. गावाकडे बैलगाडा शर्यती बंद होत्या तेव्हा आपण केवढं आंदोलन केलं. मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने परवानगीचा कायदा कायम ठेवला तेव्हा फटाके फुटले. कारण तो बैल आपला होता. आख्ख्या पंचक्रोशीला त्याचं नाव माहीत असतं, गेल्या वर्षी कुठल्या घाटात हरला, यंदा कुठे जिंकला, सगळं तोंडपाठ. तो फक्त मालकाचा नसतो. मला वाटतं, खेळाची मालकी हीच. कागदावर बैल एकाचा, आठवणीत सगळ्यांचा.

फ्लाइटलाइन या अर्थाने कुणाचाच झाला नाही. तो दिसला आणि गेला.

मग करायचं काय? माझ्या मते तीन गोष्टी. एक, चार वर्षांच्या वरच्या घोड्यांच्या शर्यतींची बक्षिसं वाढवा, म्हणजे थांबण्यात तोटा कमी होईल. दोन, आर्कसारख्या शर्यती खच्ची घोड्यांना खुल्या करा. वंश निवडायचा असेल तर तो सर्वांत चांगल्या घोड्यांसमोर निवडा, त्यांना दाराबाहेर ठेवून नाही. तीन, पाच वर्षांखालच्या बापाच्या शिंगरांची शर्यतीसाठी नोंदणीच करू नका. हा उपाय कडक आहे, पैदासवाले अंगावर येतील, पण एवढा एक नियम आला तर बाकी सगळं आपोआप होईल. आणि इथे, मुंबई-पुण्यात, निदान एवढं करा: शर्यतीचा दिवस घरच्या माणसांसाठी खुला आणि स्वस्त ठेवा, शाळेच्या पोरांना आत घोडे जवळून बघू द्या. पैसे न लावताही बघता येतं हे आपल्याकडे कुणी सांगितलंच नाही.

क्रमवारीत आकडे लिहिणाऱ्यांशी माझं भांडण नाही. १४० तर १४०. पण मला कुणी विचारलं की या काळातली सर्वांत मोठी शर्यत कोणती, तर मी सव्वाएकोणीस लांबींची नाही सांगणार. दार उघडल्यावर मागे राहिलेली आणि तरीही सगळ्यांना गाठणारी विंक्स सांगेन. ती त्या दिवशी मागे राहू शकली, कारण तिला पुन्हा धावायला आणलं होतं.

तुमची कोणती? बघितली नसेल तर आज रात्री दोन मिनिटं काढा, वॉरविक स्टेक्स २०१७ शोधा, आणि मग येऊन सांगा.